तरण्या घोड्याची खोड

संसारांत ज्या शब्दांनीं आपण मुलांस रागें भरतों, त्यांपैकीं किती तरी शब्द पागेंतून घरांत आले आहेत, हें आमच्या वाचकांच्या कधीं ध्यानांत आलें आहे काय? मुलगा ऐकेनासा झाला कीं तो ‘उधळला’; त्यास बोलणारें कोणी नसलें कीं तो ‘बेलगाम’ झाला; मग त्यास ‘लगाम घालावा’ लागतो, त्याची ‘खोड मोडावी’ लागते, आणि तेंही न साधलें तर ‘चाबूक उगारावा’ लागतो. घोडा आपल्या दारांतून केव्हांच निघून गेला, टांग्यांचे अड्डेही गेले; परंतु भाषेच्या पागेंत तो अजून बांधलेला आहे. म्हणून या महिन्याचा विषय पाहून, ‘आमच्या घरीं घोडा नाहीं, आम्हांस याचें काय?’ असें म्हणून कोणीं पान उलटूं नये, एवढी आमची विनंती आहे.

मेहकराच्या बाजूस, पैनगंगेच्या खोऱ्यांत, आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें घर आहे. तिघे भाऊ, त्यांच्या बायका-मुलें व वृद्ध मातोश्री असें एकत्र कुटुंब. थोरले बंधु घरचा सर्व व्यवहार पाहतात, मधले शेती सांभाळतात, व धाकटे नोकरीच्या निमित्तानें अकोल्यास असतात. मधल्यांस लहानपणापासून घोड्याचें वेड. गेल्या मार्गशीर्षांत ते सारंगखेड्याच्या यात्रेस गेले. नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं दत्तजयंतीस भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजाराकरितां दूरवर प्रसिद्ध आहे. तेथून त्यांनीं तीन वर्षांचा एक कुमाईत घोडा आणिला. कान आंत वळलेले, डोळे पाणीदार, कपाळावर पांढरा टिळा. यात्रेची आठवण म्हणून त्याचें नांव ‘सारंग’ ठेविलें. मधल्यांच्या चौदा वर्षांच्या मुलानें तर त्यास आपला भाऊच मानिलें.

पौष महिना आनंदांत गेला. माघ संपतां संपतां मात्र घोड्यास एक नवी खोड लागल्याचें दिसून आलें. वाड्याच्या दाराशीं आला कीं त्यानें थबकावें, मान वर करावी आणि पुढचे पाय वीतभर उचलावे. प्रथम सर्वांस याचें कौतुक वाटलें. वीतभराचें हातभर झालें, आणि फाल्गुनांत तर तो मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहूं लागला. होळीनंतर एके सकाळीं मुलगा पाठीवर असतांना तो असाच उभा राहिला. मुलगा घाबरला, तोल सांवरण्यासाठीं त्यानें दोन्ही हातांनीं लगाम मागें खेंचला, आणि घोडा पाठीवर कोसळला. दैव बलवत्तर म्हणून मुलगा एका अंगास फेंकला गेला. डाव्या मनगटाचें हाड मोडलें, एवढ्यावरच निभावलें. तें पोर त्या जनावराच्या व खोगिराच्या खालीं सांपडलें असतें तर काय झालें असतें, हें लिहावयास आमची लेखणी धजत नाहीं.

त्या रात्रीं घरांत जी सभा भरली तिचा वृत्तांत आम्हांस मागाहून कळला. थोरल्यांचें मत स्पष्ट होतें: येत्या बाजारीं घोडा विकून टाकावा, पैसे कमी आले तरी हरकत नाहीं. मातोश्रींनीं घोड्याच्या कपाळावरील केंसांचा भोंवरा दाखवून, ‘हें लक्षण मीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें,’ अशी आठवण दिली. मुलाच्या आईनें घोड्याचें नांव घेण्यासही बंदी केली. जवळच्या गांवींचा एक चाबूकस्वार निरोप पाठवून मोकळा झाला कीं, ‘आठ दिवस माझ्या हवालीं करा, कांटेरी लगाम व वेताची छडी यांनीं मी त्यास गाय करून आणून देतों.’ मुलगा भिंतीशीं बसून होता. तो एक अक्षर बोलला नाहीं. शेवटीं मधल्यांनीं आम्हांस पत्र लिहिलें: ‘आपण शालिहोत्र वाचलें असेल, कांहीं उपाय सांगावा.’

आतां खरें सांगावयाचें तर आमचा घोड्याशीं संबंध पोथीपुरता. शालिहोत्र हा अश्वविद्येचा आद्य आचार्य. त्याच्या नांवावरूनच घोड्यांच्या वैद्यास ‘सालोत्री’ म्हणूं लागले. पांडवांपैकीं नकुल या विद्येंत निष्णात समजला जाई, व विराटाच्या घरीं अज्ञातवासांत त्यानें अश्वशाळाच सांभाळिली. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण घालून घोड्याचा आहार, ठाण व चाली यांचे नियम सांगितले आहेत. हें सर्व आम्हांस ठाऊक; पण पोथी वाचून पोहतां येत नाहीं, तशी मांडही घेतां येत नाहीं. म्हणून आम्हीं एकटे जाण्याऐवजीं घोड्यांत सारें आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ व एक पशुवैद्य यांस बरोबर घेतलें. पुढें जें लिहिलें आहे त्यांतील व्यवहार त्यांचा, पोथी तेवढी आमची.

आम्ही पोंचलों तेव्हां घोडा अगाडी-पिछाडीस जखडलेला होता. पुढें तोबऱ्यांत हरभऱ्याची चंदी भरपूर, काम कांहीं नाहीं, फिरणें नाहीं, दुसरें घोडें दृष्टीस नाहीं. अपघातापासून त्याच्या जवळ जाण्यास कोणी धजत नव्हतें. निवृत्त गृहस्थ कांहीं वेळ नुसतेच दूर उभे राहिले. मग ते घोड्याच्या समोरून न जातां खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत, जवळ गेले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळें कपाळाच्या अगदीं पुढचें व शेंपटाच्या अगदीं मागचें त्यास दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या ठिकाणाहून आलेला हात त्यास शत्रूचा वाटतो. बाजूनें आलेल्या त्या हातास घोड्यानें विरोध केला नाहीं.

पशुवैद्यांनीं प्रथम तोंड पाहिलें. दोन्ही जबड्यांच्या कोपऱ्यांत लगामानें घासून झालेल्या जखमा होत्या. आणि वरच्या दाढांच्या पुढें हरभऱ्याएवढा एक जास्तीचा दांत होता. असा दांत पुष्कळ घोड्यांस येतो व तो सहसा कांहीं कामाचा नसतो; पण लगामाची कडी त्यावर आदळूं लागली म्हणजे वेदना होतात. शिवाय अडीच वर्षांपासून साडेचार वर्षांपर्यंत घोड्याचे दुधाचे दांत पडून कायमचे येत असतात. म्हणजे ज्या वयांत आपण त्याच्या तोंडांत लोखंड घालतों, त्याच वयांत त्याचें तोंड सर्वांत दुखरें असतें. पाठीवर हात फिरवितांच खोगिराच्या जागीं तो दबला. तंग अति आवळलेला असावा, आणि खोगीर दुसऱ्याच कोणा घोड्याच्या मापाचें. घोडा तीन वर्षांचा मोठा दिसतो खरा; पण त्याच्या कण्याच्या हाडांची वाढ पुरी होण्यास पांच-सहा वर्षें लागतात. आपण बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर धान्याचें पोतें देत नाहीं, तोच हा न्याय.

मग निवृत्त गृहस्थांनीं एक साधी गोष्ट सांगितली, ती आम्हांस सर्व शालिहोत्राहून मोलाची वाटली. ते म्हणाले, “घोडा चालत असतो तोंवर उभा राहूं शकत नाहीं. उभा राहण्याआधीं त्यास थांबावें लागतें. आपण टांचेनें ‘पुढें चल’ म्हणतों आणि हातानें लगाम ओढून ‘थांब’ म्हणतों. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. मग त्यास मोकळी राहिलेली एकच वाट सांपडते, ती वर जाते.” 

हें ऐकतांना भिंतीशीं उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा उतरला. आम्ही चाळीस वर्षें मुलांचे चेहरे वाचीत आलों आहों. त्यामुळें तें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. संध्याकाळीं त्यास नदीकडे फिरावयास नेलें. पुष्कळ वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग एकदम म्हणाला, “आजोबा, त्याला मींच शिकवलें.” चित्रांतले वीर जसे मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावर बसलेले असतात, तसें आपलें चित्र मोबाइलवर घ्यावें, अशी त्याच्या मित्रांची व त्याची हौस. यात्रेंत त्यानें असे नाचरे घोडे पाहिले होते. लोक टाळ्या वाजवितात तेंही पाहिलें होतें. म्हणून वाड्याच्या दाराशीं येऊन तो टांच मारी व त्याच क्षणीं लगाम ओढी. घोड्यानें पाय उचलले कीं मुलें ओरडत, टाळ्या पिटीत, आणि मुलगा खालीं उतरून त्यास गूळ देई. घोड्यास काय कळावें? उभें राहिलें कीं तोंडाची वेदना थांबते, ओझें उतरतें आणि गूळ मिळतो, एवढें त्यास कळलें. आणि तें त्यानें चोख पाठ केलें. असा हुशार विद्यार्थी मिळणें दुर्मिळ!

“मग त्या रात्रीं हें कां सांगितलें नाहींस?” आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, “मोठे काका रागावले असते.” आणि थोड्या वेळानें, “आतां ते त्याला विकणार. तो माझ्यामुळें जाणार.” 

वाचकहो, त्या घरीं त्या दिवशीं दोन तरुण प्राणी एकाच संकटांत होते. एकास बोलतां येत नव्हतें म्हणून तो उभा राहिला. दुसऱ्यास बोलतां येत होतें, पण बोलण्याची सोय नव्हती, म्हणून तो गप्प बसला. आणि त्या गप्प बसण्याची किंमत मुक्या जनावरानें द्यावयाची, असा निकाल होऊं घातला होता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत तरी हट्टी घोड्याची गोष्ट कोणास नवी सांगावयास नको. दासगणू महाराजांनीं १९३९ सालीं रचिलेल्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायांत ती आहे, आणि शेगांवीं जाणाऱ्या प्रत्येक घरांत तो अध्याय वाचिला जातो. कीर्तनकार गोविंदबुवा टाकळीकर यांचा घोडा अति द्वाड. जवळ येईल त्यास लाथा मारावयाच्या, बांधलेलें तोडावयाचें. बुवांनीं त्यासाठीं लोखंडी साखळ्या बरोबर बाळगिल्या होत्या. शेगांवीं कीर्तनास आले असतां रात्रीं घोड्याचा आवाज येईना, म्हणून ते उठून पाहूं लागले, तों श्रीगजानन महाराज त्या घोड्याच्या चारी पायांच्या मध्यें स्वस्थ निजलेले, आणि घोडा शांत उभा! भाविकांस यांत महाराजांचें सामर्थ्य दिसतें, आणि त्यापुढें आम्हीही हात जोडतों. आपण सामान्यांनीं त्याचें अनुकरण करूं नये, हें सांगावयास नकोच. परंतु त्या कथेंत एका बाजूस साखळदंड आहे व दुसऱ्या बाजूस निर्भय शांति आहे, आणि घोडा कोणाचें ऐकतो हें कथाकारांनीं लपवून ठेविलेलें नाहीं. साखळी घोड्यास जागच्या जागीं ठेविते. त्याच्या मनांतील भय ती काढीत नाहीं.

विदर्भाशीं निगडित अशी दुसरी कथा नलाची. दमयंतीचें पुन्हां स्वयंवर होणार असें कळल्यावरून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजास एका दिवसांत कुंडिनपुरीं पोंचावयाचें होतें. बाहुकाच्या वेषांतील नलानें रथासाठीं जे घोडे निवडिले ते दिसण्यांत कृश होते, आणि त्यांच्या अंगावर भोंवरेही होते. राजा कुरकुरला, बाहुकानें आपली निवड बदलली नाहीं. राजा रथांत चढला मात्र, आणि ते घोडे गुडघे टेकून खालीं बसले! आपल्यापैकीं कोणी असता तर त्यानें प्रथम चाबूक शोधिला असता. नलानें काय केलें? व्यास सांगतात कीं त्यानें प्रथम घोड्यांचें सांत्वन केलें. लगाम त्यानें हातीं घेतला तो त्यानंतर. ही कथा आम्हीं मातोश्रींस मुद्दाम सांगितली. त्या ऐकून म्हणाल्या, “म्हणजे भोंवरे असलेलेच घोडे विदर्भांत आले म्हणायचे!” आणि त्यांचा आक्षेप त्यांनीं स्वतःच हंसून मागें घेतला.

दूरदेशींचे लोकही निराळें सांगत नाहींत. ग्रीक सेनानी झेनोफोन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांतील मुख्य उपदेश असा कीं, घोड्याशीं रागाच्या भरांत कधींही वागूं नये, कारण रागास पुढचें दिसत नाहीं. आणि भ्यालेल्या घोड्यास मारलें तर ज्या वस्तूस तो भ्याला ती वस्तूच आपणांस मारते असें तो समजतो. सिकंदराचा प्रसिद्ध घोडा बुसेफालस कोणासच पाठीवर बसूं देईना. तो आपल्याच सांवलीस बुजतो हें त्या पोरानें ओळखिलें व त्याचें तोंड सूर्याकडे केलें, असें प्लुटार्क लिहितो. आपण खोड पाहतों. शहाणा मनुष्य सांवली पाहतो.

आतां ज्यांच्या घरीं खरोखर असा तरणा घोडा असेल त्यांच्यासाठीं त्या दोघा जाणत्यांनीं सांगितलेला क्रम देतों.

पहिलें, घोडा उभा राहूं लागला कीं त्याच दिवसापासून त्याच्या पाठीवर बसणें बंद करावें, आणि मुलांस तर दोरी धरावयासही पाठवूं नये. दुसरें, पशुवैद्याकडून दांत, तोंड, पाठ व पाय पाहून घ्यावे, आणि नाल बसविलेले असतील तर नालबंदासही दाखवावें. वेदना असेल तोंवर शिक्षण नाहीं. तिसरें, कांटेरी लगामाचें नांवही काढूं नये. तो केवळ क्रूर नव्हे, बेकायदाही आहे: ओझें वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांवरील क्रूरतेस आळा घालण्यासाठीं १९६५ सालीं जे नियम झाले, त्यांतील आठव्या नियमानें कांटेरी छडी व कांटेरी लगाम दोन्ही वर्ज्य केलीं आहेत. अंडें किंवा पाण्याचें मडकें घोड्याच्या डोक्यावर फोडावें म्हणजे तो पुन्हां उठत नाहीं, असें सांगणारे वीर गांवोगांवीं भेटतात. अशानें घोडा डोकें झटकून तोल घालवितो, आणि खालीं कोण आहे हें तो पाहत नाहीं.

चौथें, चंदी कमी व वैरण जास्त. ज्यास दिवसभर कांहीं काम नाहीं त्यास भरपूर दाणा घालणें म्हणजे चुलींत लांकडें सारून भांड्याचें झांकण घट्ट दाबणें होय. घोडा हा कळपाचा व चालण्याचा प्राणी. त्यास दिवसांतून कांहीं तास मोकळें फिरूं द्यावें, आणि शक्य तर दुसऱ्या घोड्याची सोबत असावी. पांचवें, आरंभ जमिनीवरून करावा. साध्या मोहरकीवर त्यास ‘चल’ म्हटलें कीं चालणें, ‘थांब’ म्हटलें कीं थांबणें, दोन पावलें मागें सरणें व दोन्ही अंगांस वळणें शिकवावें. मग लांब दोरीवर कावा द्यावा, कधीं उजवा, कधीं डावा. पण एका वेळीं पंधरा-वीस मिनिटांहून अधिक नाहीं, कारण सारखें गोल फिरल्यानें कोंवळ्या सांध्यांवर ताण पडतो. दोरी हातास कधींही गुंडाळूं नये, आणि घोड्याच्या अगदीं समोर उभें राहूं नये. घोड्यानें पुढें एक पाऊल टाकतांच दोरी तत्काळ सैल करावी. ही सैल दोरी हेंच त्याचें बक्षीस, आणि तें पाऊल टाकतांच मिळालें पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर तें भलत्याच गोष्टीचें बक्षीस ठरतें.

सहावें, पाठीवर बसलेला जाणता स्वार असेल तर त्यास उभें राहण्याची चाहूल आधीं लागते. घोडा थबकतो, भार मागें घेतो, मान उंच करतो, पुढचें अंग हलकें वाटूं लागतें. त्याच क्षणीं एका बाजूच्या लगामानें हळूच मान वळवून त्यास कडेला चालतें करावें, म्हणजे मागचे पाय जागचे हलतात व उठणें साधत नाहीं. तरीही तो उठलाच तर लगाम पूर्ण सैल सोडावा, पुढें वांकून आयाळ धरावी. आणि पुढचे पाय जमिनीस लागतांच त्यास पुढें काढावें. दोन्ही हातांनीं मागें ओढणें हाच तो प्राणघातक प्रमाद, जो त्या मुलाच्या हातून घडला. डोक्यास शिरस्त्राण असल्याशिवाय कोणीं घोड्यावर बसूंच नये. आणि ही खोड मुरलेली असेल, तर घरच्यांनीं शहाणपण न करितां अनुभवी मनुष्याच्या हातीं काम द्यावें. मात्र त्याच्या भिंतीस कांटेरी लगाम टांगलेला नाहीं हें आधीं पाहून घ्यावें.

राहिली चित्रांतल्या घोड्याची हौस. सिंदखेडराजासारखें जिजाऊंचें जन्मस्थान ज्या जिल्ह्यांत, तेथील मुलांस घोड्यावर बसण्याचा अभिमान वाटावा हें योग्यच. पण त्या मुलास आम्हीं इतकेंच सांगितलें कीं मराठ्यांच्या फौजेचा लौकिक झाला तो भीमथडीच्या लहान, काटक तट्टांवर. थोड्या दाण्यावर, डोंगरवाटांनीं, दिवसामागून दिवस पुढें चालत राहणाऱ्या तट्टांवर. चित्रकारास घोडा उभा लागतो. स्वारास तो चालता लागतो.

आतां मुख्य प्रश्न होता थोरल्यांचा. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलगा स्वतः त्यांच्यापुढें जाऊन उभा राहिला. आम्ही शेजारीं बसलों होतों, पण कांहीं बोललों नाहीं. त्यानें सर्व सांगितलें. थोरले मोठमोठ्यानें रागावतील असें सर्वांस वाटत होतें. ते बराच वेळ अडकित्त्यानें सुपारी कातरीत राहिले, आणि मग म्हणाले, “त्या रात्रीं सांगितलें असतेंस तर मी रागावलों असतों हें खरें. पण तुझ्या हातास प्लास्टर असतांना तुला तेंच भय अधिक वाटलें, ही गोष्ट मला लागली.” ते पुढें कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दलालाचा माणूस आला त्यास त्यांनीं परत पाठविलें, आणि मधल्या भावास सांगितलें, “दिवाळीपर्यंत मुदत. त्या आधीं मुलगा पाठीवर बसणार नाहीं. खोगीर नवें, त्याच्या मापाचें करून घ्या. खर्च माझ्याकडे मांडा.”

येथें आम्हांसही एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या वर्गांत एक मुलगा होता. हांक मारली तर उत्तर देत नसे. पुन्हां मारली तर टक लावून पाहत राही. हा उद्धटपणा आहे असें आम्हीं ठरविलें, आणि छडी वापरिली. सहा महिन्यांनंतर त्याच्या आईकडून कळलें कीं त्यास डाव्या कानानें ऐकूंच येत नाहीं. आणि आमची खुर्ची नेहमीं त्याच्या डाव्या हातास असे. त्यानें हें स्वतः कां सांगितलें नाहीं, असें आम्हीं त्यास विचारिलें. आमच्या हातांतील छडीकडे पाहून तो गप्प राहिला, उत्तर मिळालें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत मुलांस मारणें व मानसिक छळ करणें आतां बंद केलें आहे. पण कायदा छडी काढून घेऊं शकतो. भयाची संवय काढणें ज्याच्या त्याच्या घरचें काम आहे.

यावर कोणी वडीलधारे म्हणतील, मग घरांत कोणाचा धाकच नको काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. लगाम नसलेला घोडा स्वतःही मरतो व दुसऱ्यासही मारतो. पण लगाम म्हणजे हाताची भाषा, आणि भाषेचा उपयोग केवळ ‘नाहीं’ म्हणण्यापुरता करूं नये. कठोपनिषदांत इंद्रियांस घोडे, मनास लगाम व बुद्धीस सारथि म्हटलें आहे. तेथें चाबूक कोणास म्हटलें, हें आम्हीं आमच्या वाचकांस शोधून पाहण्यास सांगतों. एकाच वेळीं टांच व लगाम दोन्ही चालविणारीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. मुलीस म्हणावयाचें ‘शीक, मोठी हो,’ आणि तालुक्याबाहेर पाठवावयाचें नाहीं. मुलास म्हणावयाचें ‘आपल्या पायावर उभा राहा,’ आणि त्याचा प्रत्येक निर्णय आपणच करावयाचा. मग एके दिवशीं तें मूल समोर उभें राहतें, आणि आपण म्हणतों, बिघडलें. त्याच्यासाठीं दुसरी वाट आपण कोणती ठेविली होती?

परवां श्रावणांत आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. तो दांत पशुवैद्यांनीं काढिला आहे, तोंडाच्या जखमा भरल्या आहेत. सारंग काव्यावर दोन्ही अंगांस नीट चालतो व पाठीवर नुसतें खोगीर घेऊं लागला आहे. खोड सर्वस्वी गेली असें मात्र नाहीं. आम्ही तेथें असतांनाच दाराशीं ट्रॅक्टरचा कर्णा वाजला व तो थबकून हातभर उठला. ओसरीवर मातोश्री होत्या, सुना होत्या, मुलें होतीं. पण कोणीं आरडाओरड केली नाहीं कीं टाळी वाजविली नाहीं. दोरी निवृत्त गृहस्थांच्या हातीं होती. ती त्यांनीं सैल सोडली, घोड्याचे पाय खालीं येतांच त्यास कडेला वळवून दहा पावलें चालविलें, आणि पुन्हां दाराशीं आणून उभें केलें. मुलगा पंधरा हातांवर उभा राहून हें पाहत होता. मनगट बरें झालें आहे, पण दिवाळीस अजून अवकाश आहे.

दिवाळीस काय होतें तें आमच्या वाचकांस अवश्य कळवूं. तोंवर ज्यांच्या घरीं कोणी तरुण असें एकाएकीं उभें राहिलें असेल, त्यांनीं एवढें करावें: लगाम ओढण्याआधीं त्याचें तोंड एकदां पाहावें.